अकरा पेंडंट परत आली, काच मात्र शाबूत होती

पत्र्याच्या एका पसरट डब्यात अकरा पेंडंट होती. प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेलं, आणि कागदावर पेन्सिलीने परत आल्याची तारीख. डबा घेऊन आलेली मुलगी भट्टीत काचेचे तुकडे एकमेकांवर वितळवून पेंडंट करते. रंगांची जाण उत्तम आहे तिला, हातही स्वच्छ. मी स्वतः काच वितळवत नाही. माझं काम जोडणीचं. दोरी, कडी, हूक, तार, डाख हे माझं जग. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"ताई, ३६ विकली, त्यातली ११ परत आली. काच कुठे कमी पडतेय तेवढं सांगा."

अकरांपैकी एका पेंडंटचा कोपरा उडाला होता, तोही पडल्यामुळे. बाकीच्या दहांना ओरखडासुद्धा नव्हता. तिने आठवडेच्या आठवडे काचेवर घालवले होते आणि जोडसामान शेवटच्या दोन दिवसांत आणलं होतं: चिकटवायच्या बेल, तयार हूक, चार प्रकारच्या दोऱ्या, जे छान दिसलं ते. (बेल म्हणजे पेंडंटच्या डोक्यावरची ती कडी किंवा नळी, जिच्यातून दोरी ओवतात. या कामात सगळे तिला बेलच म्हणतात.) हे फार जणांचं होतं. काच ही कला आणि बाकीचं किरकोळ सामान, अशी मनात एक वाटणी झालेली असते. पण गळ्यात पेंडंट टिकतं ते त्या किरकोळ सामानावर.

तक्रारींच्या चिठ्ठ्या मी आधी वाचल्या नाहीत. ग्राहक लिहितो "तुटलं", आणि त्या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. टेबलावर पांढरा कागद पसरला, भिंग घेतलं आणि प्रत्येक पेंडंट नेमकं कुठे सुटलं एवढंच बघून ढीग केले. काच धातूला मिळते ती एक जागा, धातू दोरीला मिळतो ती दुसरी, दोरीचं टोक हुकाला मिळतं ती तिसरी. चौथी जागा म्हणजे कातडी, माणसाची, जिला हे सगळं दिवसभर घासत असतं. ढीग असे पडले: चार पेंडंटची चिकटवलेली बेल निघाली होती. तिघांची चांदीची बेल काळी पडली होती. दोन भोक पाडलेली होती, त्यांपैकी एकाची दोरी कापली गेली होती आणि दुसरं कडीतून निसटलं होतं. एकाची दोरी तिच्या टोकावर बसवलेल्या धातूच्या टोपीतून बाहेर आली होती, कोपरा उडालेलं ते हेच. आणि एक पूर्ण धडधाकट होतं, त्याच्या कागदावर लिहिलं होतं, "मानेला पुरळ."

गोंद कुणाकडे राहिला

चिकटवलेला जोड सुटला की पहिला प्रश्न एकच: वाळलेला गोंद कुठे राहिला आहे? काचेवर, धातूवर, की अर्धा इकडे अर्धा तिकडे? अर्धा-अर्धा राहिला असेल तर गोंद स्वतः फाटला, म्हणजे त्याने दोन्ही बाजू घट्ट धरल्या होत्या आणि जोर त्याच्या ताकदीबाहेरचा होता. पूर्ण गोंद एकाच बाजूला राहिला असेल, तर दुसऱ्या बाजूला तो कधी चिकटलाच नव्हता. चारही पेंडंटमध्ये गोंद पूर्णपणे बेलच्या पट्टीवर, म्हणजे काचेला चिकटवायच्या तिच्या सपाट भागावर होता. काच कोरी.

पहिली पट्टी भिंगाखाली धरली. गोंदाचा पापुद्रा चकचकीत असायला हवा होता, तो पिठासारखा मळकट पांढरा दिसत होता. काळ्या कापडाचा तुकडा ओला करून पेंडंटच्या पाठीवर फिरवला आणि तिच्यापुढे धरला. कापडावर पांढरा पट्टा उमटला होता.

"ही भट्टीतल्या कागदाची राख," ती लगेच म्हणाली. तिला माहीतच होतं. काच भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून खाली जो पातळ कागद घालतात तो जळून जातो आणि मागे बारीक पांढरी भुकटी राहते. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास काच मऊ होऊन वितळते, त्या वेळी ही भुकटी काचेच्या पाठीच्या बारीक खाचांत बसते. पाण्याखाली धरून बोट फिरवलं की पाठ स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण खाचांतली भुकटी तिथेच असते. गोंद भुकटीला चिकटला आणि भुकटी काचेवरून निघाली. तीन पेंडंटची कथा एवढीच होती.

चौथ्याची पाठ वेगळी होती. ते पालथं करून दुसऱ्यांदा भट्टीत घातलं होतं, त्यामुळे पाठही पुढच्या बाजूसारखी आरशागत गुळगुळीत झाली होती. तिथे भुकटी नव्हती, पण गोंदाला धरायला खडबडीतपणाही नव्हता. त्यात गोंद होता झटपट वाळणारा, थेंबभर लावून वीस सेकंद दाबायचा तो. तो वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतो. सरळ ओढलं तर चांगला धरतो, पण टिचकी, धक्का, कड उचलणारा जोर त्याला सोसत नाही. आणि काचेवर त्याचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. काचेच्या पृष्ठभागाला पाण्याचं आकर्षण असतं. घाम, आंघोळ, दमट हवा यांचा ओलावा कडेकडेने गोंदाखाली शिरत राहतो आणि एक दिवस पट्टी नखाने निघते.

इथे वजनाबद्दलचा एक गैरसमज बाजूला काढायला हवा. तिचं म्हणणं होतं की पेंडंट जड झाली असतील. आम्ही मोजलं. साध्या काचेची घनता घनसेंटीमीटरला साधारण २.५ ग्रॅम असते, त्यामुळे ३० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि ६ जाड तुकडा भरतो जेमतेम ९ ग्रॅम. नऊ ग्रॅम कुठलाही गोंद आयुष्यभर टांगून धरेल. सुटतं ते झटक्याने: ओढणी अडकते, मूल पेंडंट मुठीत धरून ओढतं, वाकल्यावर ते टेबलाच्या कडेवर आपटतं. आणि त्यातही बेल सरळ वर ओढली गेली तर जोर पूर्ण पट्टीवर वाटला जातो. पण पेंडंट तिरकं झालं की पट्टीच्या एका कडेवर सगळा ताण येतो आणि चिकटपट्टी सोलावी तशी ती सोलली जाते. म्हणून पट्टी जितकी लांब तितकं बरं, आणि ती पेंडंटच्या वरच्या तिसऱ्या भागात हवी. खाली, मध्याजवळ चिकटवली तर काचेचं डोकं पुढे झुकतं आणि पेंडंट अंगाला टेकायचं सोडून तोंड खाली घालतं. तिच्या दोन पेंडंटमध्ये तेही झालं होतं, फक्त त्याची तक्रार कुणी केली नव्हती.

दुरुस्ती अशी केली. पाठीवर बेलच्या मापाचा चौकोन पेन्सिलीने आखला, त्या चौकोनाबाहेर चिकटपट्टी लावली, आणि आतली काच हिऱ्याची पूड बसवलेल्या घासणीने पाण्याखाली घासून मंद केली. पाणी हवंच, कोरडी काच घासली की तिची धूळ छातीत जाते. धातूची पट्टीही घासली, कारण मुलामा दिलेल्या धातूवर अनेकदा पातळ लाखेचा थर असतो आणि गोंद त्या लाखेला चिकटतो. मग दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या आणि नंतर बोट लावलं नाही. गोंद म्हणून दोन नळ्यांतला, सावकाश वाळणारा इपॉक्सी. तो मिसळताना दोन्ही भाग सारखे हवेत, अंदाजपंचे चालत नाही. आणि पूर्ण २४ तास पेंडंट आडवं ठेवायचं, हात लावायचा नाही. पितळ तापल्यावर काचेच्या साधारण दुप्पट पसरतं, त्यामुळे कडक उन्हात राहिलेल्या पेंडंटमध्ये गोंदाच्या थरावर दोन्हीकडून ताण येतो. म्हणून थर अगदी पुसून टाकल्यासारखा पातळ ठेवू नये. दाबल्यावर कडेने किंचित बाहेर आला पाहिजे.

काळी चांदी

या तीन पेंडंटवर मी जास्त वेळ घालवला, कारण उत्तर डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं. चांदी खरी होती, ९२.५ टक्क्यांची, बाकी तांबं. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण त्याला वेळ लागतो. इथे पाकीट उघडण्याआधीच बेल काळी झाली होती. एक ग्राहक तर संतापलेली होती, चांदी नकली आहे असं तिचं ठाम मत.

बेल फिरवून नळीच्या आत पाहिलं. बाहेरून ती तपकिरी-पिवळसर होती, आत मात्र शाईसारखी काळी, आणि तो काळेपणा दोरी टेकते तिथे सगळ्यात गडद. तिन्ही पेंडंटची दोरी एकच: काळी, गोल, गुळगुळीत रबरी दोरी. रबराला ताकद आणि लवचीकपणा येण्यासाठी ते गंधक घालून पक्कं करतात. त्यातला थोडा गंधक मोकळा राहतो. दोरी आणि चांदी एकाच बंद प्लास्टिक पिशवीत ठेवली, म्हणजे चांदी काळी करण्याची सोय आपणच केली. चांदी चांगली म्हणूनच ती इतकी काळी झाली होती.

चामड्याच्या दोरीबरोबरही हे घडू शकतं. कातडं कमावताना केस काढायला सल्फाइड वापरतात आणि त्याचा अंश उरला तर चांदीवर उमटतो. सगळ्याच चामड्यात तो नसतो, म्हणून नवीन दोरी आली की मी एक सोपी परीक्षा घेते: दोरीचे दोन-तीन सेंटिमीटर आणि चांदीच्या तारेचा घासून चकचकीत केलेला तुकडा एका बंद पिशवीत आठवडाभर ठेवते, आणि दुसऱ्या पिशवीत नुसती तार. आठ दिवसांनी दोन तारा शेजारी धरल्या की आणखी काही विचारावं लागत नाही.

ती बेल उजळवायला ॲल्युमिनियमची पन्नी, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय करायला निघाली होती. मी थांबवलं. तो उपाय चांदीसाठी चांगला आहे, पण ही बेल गोंदाने काचेला चिकटलेली होती आणि गरम पाण्यात गोंद मऊ पडतो. एक दोष घालवताना दुसरा ओढवून घ्यायचा नव्हता. चांदी पुसायच्या कापडाने, कापसाच्या काडीवर गुंडाळून, नळीच्या आतून सावकाश घासलं. अर्धा तास गेला, बेल उजळली. मग निर्णय झाला की रबरी दोरीबरोबर स्टेनलेस स्टीलचीच बेल, आणि चांदीबरोबर मेण लावलेली सुती दोरी किंवा चांदीची साखळी.

भोक, कडी आणि कडेची धार

भोक पाडलेल्या पेंडंटमध्ये गोंदाची भानगड नसते, म्हणून नवीन माणसाला तो मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. मलाही तो आवडतो. पण काच दोरीपेक्षा, आणि चांदीपेक्षाही, खूप कठीण असते. भोकाची कड नीट केली नाही तर ती बारीक करवतच होते.

कापल्या गेलेल्या दोरीचं पेंडंट भिंगाखाली घेतलं. पुढच्या बाजूने भोक सुबक गोल होतं. मागच्या बाजूला, जिथून भोक पाडायचं बिट बाहेर पडलं तिथे, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे छोटे छोटे खळगे उडाले होते, आणि प्रत्येक खळग्याची कड धारदार. दीड मिलिमीटरची चामड्याची दोरी थेट त्या भोकातून ओवून गाठ मारली होती. चालताना पेंडंट हलतं, प्रत्येक पावलाला दोरी त्या धारेवरून एक केसभर सरकते. दोरीच्या तुटल्या टोकाला अर्धा भाग सुरीने कापल्यासारखा सपाट होता आणि उरलेला ओढून तुटल्यासारखा फिसकटलेला. म्हणजे आधी कापत गेली, मग उरलेली तुटली.

यावर उपाय भोक पाडतानाच असतो. हिऱ्याचं बिट पाण्याखाली, हलक्या हाताने, आणि एका बाजूने निम्म्यापर्यंत गेल्यावर पेंडंट उलटून दुसरीकडून. म्हणजे बाहेर पडतानाचा फुटवा होत नाही. मग शंकूच्या आकाराच्या हिऱ्याच्या बिटाने दोन्ही तोंडं तिरकी घासून घ्यायची. बोटाचं टोक भोकावर फिरवून काही टोचत नाही इथपर्यंत. शक्य असेल तर पुन्हा भट्टीत हलकं तापवून कड गोलसर करून घ्यावी. आणि एवढं करूनही मी दोरी थेट काचेतून ओवत नाही. मध्ये धातूची कडी घालते, म्हणजे दोरी धातूवर घासते.

दुसरं पेंडंट नेमकं कडीवरच फसलं होतं. कडी ६ मिलिमीटरची होती, तोंड पूर्ण मिटलेलं नव्हतं, आणि एक मिलिमीटरची दोरी त्या फटीतून सरकून बाहेर आली होती. "मी पकडीने खूप दाबली होती," ती म्हणाली. दाबली असणारच, ती मिटणं शक्यच नव्हतं. कडीला काचेची पूर्ण जाडी आणि भोकापासून कडेपर्यंतची काच यांना वळसा घालायचा असतो. तिची काच ६ मिलिमीटर जाड, भोकापासून कडेपर्यंत ३ मिलिमीटर. सहा बाय तीनच्या आयताभोवती वर्तुळ बसवायचं तर त्याचा आतला व्यास निदान आयताच्या कर्णाइतका हवा, म्हणजे ६.७ मिलिमीटर. वर दोरीला जागा. तेव्हा आतून ९ ते १० मिलिमीटरची कडी, एक मिलिमीटर जाड तारेची. आणि वाकलेली तार सहा मिलिमीटर जाड भोकातून फिरायची म्हणजे भोकही तारेच्या दुपटीहून थोडं मोठं लागतं, २.५ मिलिमीटर ठेवलं तर कडी मोकळी फिरते, ताण काचेवर येत नाही. हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा तिने वही ओढून घेतली आणि स्वतः चार वेगवेगळ्या जाडींसाठी कर्ण काढले. मला फार बरं वाटलं ते बघून.

कडी उघडायची तीही दोन पकडींनी, एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे असं आडवं सरकवून. तोंडं बाजूला फाकवली की गोलाई बिघडते आणि पुन्हा कधीच जुळत नाही. दोरी बारीक असेल तर साधी कडी वापरूच नये. डाख दिलेली बंद कडी बेलकडे ओवून घ्यावी किंवा किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेटोळ्याची घ्यावी.

कड्यांच्या संख्येबद्दल एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि बरीच पेंडंट वाया घालवून कळली. भोक पुढून मागे पाडलेलं असेल तर त्यातली एक कडी काचेला काटकोनात उभी राहते, दोरी डावीकडून उजवीकडे जाते, पेंडंटचं तोंड समोर. त्यात दुसरी कडी अडकवली की ती नव्वद अंशांनी फिरते आणि पेंडंट गळ्यात कड दाखवत लटकतं. म्हणून अशा भोकाला एक किंवा तीन कड्या. उलट काचेच्या कडेतून तारेचा फासा वर आलेला असेल आणि तो काचेच्याच प्रतलात असेल, तर त्याला एक कडी जोडावीच लागते. हातात धरून बघितलं की लगेच कळतं. नुसता विचार करून नेहमी चुकतं.

टोपी आणि पुरळ

राहिलेली दोन पटकन संपली. टोपीतून निघालेली दोरी २ मिलिमीटरची होती आणि टोपी आतून ३ मिलिमीटरची. उरलेली जागा गोंदाने भरली होती. गोंद जागा भरण्यासाठी नसतो. शिवाय चामड्यावर वरून मेणाचा आणि रंगाचा थर असतो, गोंद त्याला धरतो आणि थर निघतो. आता आम्ही शेवटचे पाच मिलिमीटर ब्लेडने खरवडतो, दोरी वर्नियरने मोजतो (चामडं २ मिलिमीटर म्हणून आलं तरी नेमकं २ नसतं), आणि टोपी जेमतेम ढकलून बसेल अशी निवडतो. टोपीऐवजी दोरीच्या टोकावर दुमडायचे चिमटे असतील तर आधी एक पाकळी दाबायची, मग तिच्यावर दुसरी. दोन्ही एकदम दाबल्या की मधोमध टोकाला टोक भिडतं आणि दोरीला पकड मिळत नाही.

पुरळ आलेल्या पेंडंटचा हूक पांढऱ्या चकचकीत मुलाम्याचा होता. अशा मुलाम्याखाली अनेकदा निकेल असतं, घामाने मुलामा झिजतो, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या मानेच्या मागे, बरोबर हुकाच्या मापाचा लाल डाग उठतो. युरोपीय संघात कातडीला बराच वेळ टेकणाऱ्या वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियमच आहे. निकेल सुटतंय का हे पाहायला डायमिथाइलग्लायऑक्झिमचं द्रावण मिळतं. कापसाच्या काडीवर घेऊन धातूवर चोळलं आणि काडी गुलाबी झाली की तो हूक बाद. तिच्या पिशवीतल्या पाच प्रकारच्या हुकांपैकी दोघांनी काडी गुलाबी केली. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते धातूत बांधलेलं राहतं आणि फार थोडं सुटतं. बहुतेकांना ते चालतं.

दोरी आधी, काच नंतर

दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा चोवीस नवीन पेंडंटची आखणी करायची होती. या वेळी मी तिला काचेचा विषयच काढू दिला नाही. टेबलावर दोऱ्या मांडल्या आणि विचारलं, "हे पेंडंट कोण घालणार, कशावर, दिवसभर की कधीतरी?" कारण दोरीची जाडी ठरली की बेलची नळी ठरते, नळी ठरली की पट्टी ठरते, आणि पट्टीसाठी पाठीवर किती सपाट जागा सोडायची तेही ठरतं. भोक किंवा आरपार वाट ठेवायची असेल तर ती काच कापतानाच ठरवावी लागते. भट्टी थंड झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

रोज घालायच्या छोट्या पेंडंटसाठी तिने एक मिलिमीटरची मेण लावलेली पॉलिस्टर दोरी निवडली आणि हूक, टोपी, कडी हे सगळंच काढून टाकलं. दोरीची दोन टोकं एकमेकांवर सरकगाठींनी बांधायची; गाठी एकमेकींजवळ आणल्या की माळ लांब होते, डोक्यातून घालता येते, दूर ओढल्या की आखूड. यात मानेला लागणारा धातू नाही, सुटणारा जोड नाही, आणि ४० सेंटिमीटर हवी की ५० हा प्रश्नही नाही. मेण लावलेल्या दोरीवर सरकगाठ घट्ट बसते. सॅटिनच्या गुळगुळीत दोरीवर ती घसरत राहते, म्हणून तिथे हा उपाय नाही. टोकं लायटरने हलकी वितळवून बंद केली. सुती दोरी असती तर गोंदाचा ठिपका लावावा लागला असता.

मधल्या मापाच्या पेंडंटसाठी तिनेच एक वाट सुचवली, आणि ती मला सगळ्यात आवडली. दोन काचांच्या मध्ये, वरच्या कडेजवळ, उष्णता सोसणाऱ्या तंतूंच्या कागदाची अरुंद पट्टी आडवी घालायची. काच पट्टीभोवती वितळून बसते, नंतर पट्टी पाण्यात भिजवून उकरून काढली की आरपार नळी तयार. दोरी सरळ काचेतूनच जाते. गोंद नाही, धातू नाही. नळीची तोंडं भट्टीतच गोल होतात, धार राहत नाही. पट्टी कोरडी उकरू नये, ते तंतू फुफ्फुसांना वाईट. ओली ठेवून, तोंडावर मास्क लावून. पट्टीची रुंदी आम्ही दोरीवरून काढली: २ मिलिमीटरच्या दोरीला ३ मिलिमीटरची वाट. पहिल्या चाचणीत तिने २ मिलिमीटरचीच ठेवली आणि चामड्याची दोरी तोंडाशीच अडकून बसली. ती नळी मग बारीक तारेच्या साखळीने वापरली.

तीन पेंडंटमध्ये तिने तारेचा फासा काचेतच वितळवून घेतला. त्याला ९९.९ टक्के शुद्ध चांदीची तार लागते. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते, म्हणून ८०० च्या भट्टीत टिकते. दागिन्यांची ९२.५ टक्क्यांची चांदी त्या उष्णतेला वितळायच्या बेतात येते, आणि तिच्यातलं तांबं काळं पडतं. तार बारीकच ठेवायची, कारण थंड होताना चांदी काचेपेक्षा जास्त आकसते. जाड तारेभोवती काचेला तडा जायची भीती असते.

जड, मोठ्या चार तुकड्यांना सापसाखळी, स्टेनलेसची. आणि दोरीवरच्या सगळ्या पेंडंटना मी एक आग्रह धरला: बेलच्या दोन्ही बाजूंना दोरीत एकेक छोटी गाठ, नळीतून पलीकडे न जाईल एवढी. मागचा हूक कधी उघडलाच, तर दोरी गळ्यातून निघेल पण पेंडंट दोरीवरच राहील. तिला त्या गाठी दिसायला नको होत्या. तीन प्रकारे बांधून पाहिल्या, शेवटी दुहेरी गाठीत काचेच्याच रंगाचा एक मणी अडकवला तेव्हा ती तयार झाली. लहान मुलांसाठीच्या दोन पेंडंटना मात्र मी सरकगाठही देऊ दिली नाही. तिथे झटका बसल्यावर आपोआप सुटणारा हूकच हवा, कारण मुलाच्या गळ्यात न सुटणारी दोरी धोक्याची आहे आणि तिथे काच वाचवण्याचा विचार करायचाच नसतो.

चोवीसही पेंडंट तयार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, आम्ही एकेक खिळ्याला टांगलं आणि खाली एक लिटर पाण्याची भरलेली बाटली अडकवली. नऊ ग्रॅमच्या पेंडंटला स्वतःच्या वजनाच्या शंभर पटींहून जास्त ओझं. तास झाल्यावर उतरवली, रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली, सकाळी पुन्हा बाटली. मुलांच्या दोन हुकांना बाटली लावताच ते सुटले, ते सुटायलाच हवे होते. बाकी बावीसांपैकी एकाची बेल सकाळच्या बाटलीला निघाली. तिने ती भिंगाखाली धरली आणि मला काही विचारायच्या आधीच म्हणाली, "अर्धा गोंद काचेवर आहे, ताई, अर्धा पट्टीवर. पण मऊ आहे अजून." इपॉक्सीचे दोन भाग त्या एकाच खेपेला कमी-जास्त झाले होते. त्याच मिश्रणाने चिकटवलेली आणखी दोन पेंडंट तिने स्वतः शोधून काढली, बाटलीला टिकलेली असूनही, आणि तिन्ही पुन्हा घासायला घेतली.

जुन्या अकरांपैकी दहा दुरुस्त होऊन परत गेली. कोपरा उडालेल्याच्या मालकिणीला नवीन देऊ केलं होतं, तिला तेच हवं होतं. उडालेली कड पाण्याखाली घासून, भट्टीत तापवून गोल केली; पेंडंट एका बाजूला थोडं निमुळतं झालं, म्हणून वजनाचा तोल ढळला आणि मधली बेल चालेना. बेल दोन मिलिमीटर डावीकडे घ्यावी लागली. दोरीवर धरून, तीनदा पेन्सिलीची खूण बदलून, ते सरळ लटकलं तेव्हा कुठे गोंद कालवला.

तिच्या काच कापायच्या टेबलावर आता लाकडाची एक पट्टी खिळलेली आहे. तिच्यावर १, १.५, २ आणि ३ मिलिमीटरच्या दोऱ्यांचे तुकडे, प्रत्येकाखाली नळीचं आतलं माप आणि वाटेची रुंदी, पेन्सिलीने.